काचेखालचा मुकादम

फ्रिजच्या दारावरचा कुत्रा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटभर खाली सरकत असे. थोरली कामावर जाताना त्याला हँडलच्या वरच्या टोकाच्या रेषेत लावून जाई आणि परत येई तेव्हा तो त्याच्या जरा खाली उतरलेला असे. सरकताना तो कुणाला कधी दिसला नव्हता. कारण मात्र तिला ठाऊक होतं. फोटोवरची गोल काच जड होती, मागची रबरी चुंबकपट्टी हलकी, आणि दार गुळगुळीत. दार उघडून मिटलं की बारीकसा हादरा बसे आणि तेवढ्यावर तो केसभर घसरे. मागे जोरकस चुंबक लावला असता तर प्रश्न मिटला असता. पण तसला चुंबक या घरात आणायचा नाही, हा नियम तिनंच घातला होता.

कारण बाबांच्या छातीत मशीन होतं.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं. बाबा अंगानं भरलेले होते तेव्हा ते दिसतही नसे. आता कातडीखालून त्याचे कोपरे मोजता येत. हृदयाचे ठोके भरकटले की ते आतून झटका देई आणि हृदय पुन्हा ताळ्यावर येई. बाबांनी उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत काढलेला. मशीन बसवलं तेव्हा ते ओळखीच्यांना सांगत, "काही नाही हो, दोर तुटला तर ब्रेक लागायची सोय केलीय." त्या ब्रेकनं त्यांना दोनदा परत आणलं होतं. त्या उपकाराची जाणीव सगळ्या घराला होती, आणि म्हणूनच सगळं घोडं अडलं होतं.

डॉक्टरांनी थोरलीला आणि आईला दवाखान्यातल्या लहान खोलीत बसवून सगळं सांगितलं होतं. औषधांनी होईल तेवढं झालं. हृदय आता थकलंय. "मशीन मात्र थकणार नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "हृदय थांबायला लागेल तेव्हाही ते झटके देत राहील. एकामागून एक. बाबा शुद्धीवर असतील, तर प्रत्येक झटका त्यांना कळेल." झटके बंद करता येतात. माणूस घरी येऊन, चिरफाड न करता, पाच मिनिटांत ते करून जातो. त्यानं हृदय थांबत नाही. थांबायला लागलं, तर फक्त कुणी मागे ओढत नाही. "त्यांच्याशी बोला. निर्णय त्यांचा आहे. ठरलं की मला फोन करा."

दवाखान्याच्या दारातच आई म्हणाली होती, "यातलं अक्षर त्यांच्या कानावर जायला नको." त्या दिवसापासून दोघी मूग गिळून बसल्या होत्या, आणि झटके वाढत चालले होते.

झटका कसा असतो, ते थोरलीनं एकदा बाबांना विचारलं होतं. "छातीत बैलानं लाथ मारावी तसा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लाथेचं काही नाही गं. मुकादम घाबरतो."

मुकादम म्हणजे घरचा कुत्रा. तांबूस, एक कान उभा नि एक पडलेला. स्वतः काडी हलवायची नाही, पण कुणी भिंतीत खिळा ठोकत असेल तर समोर बसून देखरेख करायची. म्हणून बाबांनीच त्याला ते नाव दिलं. रोज दुपारी तो बाबांच्या छातीवर मान टाकून झोपे. अशाच एका दुपारी झटका आला. बाबांचं अंग पलंगावरून उडालं आणि त्यांच्या अंगाला चिकटलेल्या मुकादमालाही काहीतरी जाणवलं असावं. तो केकाटत खाली पडला आणि पळाला. तेव्हापासून तो उंबऱ्याशी बसून बाबांकडे टक लावून बघे. हाक मारली की शेपूट हलवी, पण आत येत नसे. बिस्कीट दाखवलं तर मान दुसरीकडे फिरवी. बाबांनी औषधांना, सुयांना, पथ्याला कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. पण मुकादम येईना, तसे ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

म्हणून चुंबक. बाबांचा पलंग स्वयंपाकघराला लागून हलवला होता आणि पडल्या पडल्या त्यांना फ्रिजचं दार दिसे. थोरली एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे. नेमकं काम तिच्या हाताला सवयीचं होतं. मोबाइलमधले मुकादमाचे जुने फोटो तिनं छापून आणले. बाटलीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवून गोल कापले. सपाट बुडाच्या काचेवर गोंदाचा थेंब, त्यावर फोटो पालथा, आणि मग अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा. घाई केली तर बुडबुडा आतच राहतो आणि कुत्र्याच्या डोळ्यात फूल पडल्यासारखा दिसतो. वाळलं की मागे रबरी पट्टी. बादलीत डोकं घातलेला मुकादम, स्कूटरवर पुढे उभा राहिलेला मुकादम, बाबांचा बूट पळवताना पकडला गेलेला मुकादम.

"हा बघ, चोर पण आणि मुकादम पण," बाबा हसले होते. खूप दिवसांनी.

पण चुंबक सरकत, आणि आईला ते बघवत नसे. एकदा बादलीवाला तळाशी पोचून फरशीवर पडला, तर आईचा चेहरा पांढरा पडला.

"आई, घर्षण कमी पडतंय, एवढंच आहे ते."

"तुझं घर्षण तुझ्यापाशी ठेव. मला ते पडलेलं दिसतं."

रोज प्रयोगशाळेत काचेची भांडी धुताना थोरली एक वाक्य मनात घोळवी. बाबा, हे झटके बंद करता येतात, तुम्हाला काय वाटतं? साधं, सरळ वाक्य. घरी येऊन ती पलंगापाशी स्टूल ओढी, बाबा तिच्याकडे बघत, ती तोंड उघडी, आणि बाहेर पडे, "सूप गरम करू का?"

"कर," बाबा म्हणत. "किती सूप पाजणार आहेस, देव जाणे."

धाकटा भाऊ दूरच्या शहरात होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तर तो चिडला. "ताई, तू गणित मांडतेस. ते माणूस आहेत, तुझ्या बाटलीतलं पाणी नाही."

"बाटलीतल्या पाण्याला लाथ बसत नाही."

"म्हणून काय, हात वर करायचे? तू जाऊन सांगणार का त्यांना, की आम्ही आता तुम्हाला वाचवणार नाही?"

तिनं फोन ठेवला. रात्रंदिवस ती स्वतःला नेमका हाच प्रश्न विचारत होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती फ्रिजमधून दूध काढायला गेली, आणि दार मिटताना तिच्या लक्षात आलं. स्कूटरवरचा मुकादम काल लावला तिथेच होता. हँडलच्या टोकाच्या बरोबर रेषेत. केसभरही खाली नाही. तिनं दार पुन्हा उघडून जरा जोरात आपटलं. मुकादम जागचा हलला नाही. तिनं चुंबक ओढला. तो दाराला धरून बसला होता, आणि सुटला तेव्हा टक् असा आवाज झाला. उलटा केला. मागे रबरी पट्टी नव्हती. नाण्याएवढ्या तीन चकचकीत, जोरकस चुंबकाच्या चकत्या एकीवर एक चिकटवलेल्या होत्या.

"आई!"

आई ओट्यापाशी होती. तिनं वळून पाहिलं आणि पदराला हात पुसले, पुसायला काही नसताना.

"स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सगळेच तसले लावतात म्हणाला तो."

"सगळ्यांच्या घरात मशीन असतं का? मी सांगितलं होतं ना, असला चुंबक छातीजवळ गेला की..."

"छातीजवळ कोण नेतंय? फ्रिजला आहेत ते! मला तो पडलेला बघवत नाही, सांगितलं ना एकदा!" आईचा आवाज चिरकला. "तू दिवसभर तिकडे. इथे मी बसते ते खाली खाली जाताना बघत."

थोरलीनं हातातला चुंबक तिच्यापुढे धरला. "किती केलेस असे?"

"दोनच. हा, आणि तो... छातीवर झोपलेला."

फ्रिजच्या दारावर छातीवर झोपलेला मुकादम नव्हता.

त्याच वेळी पलंगाकडून एक बारीक, सरळ शिट्टी ऐकू आली. उंबऱ्यावरच्या खऱ्या मुकादमाचा उभा कान फिरला.

बाबा डोळे मिटून पडले होते. उजवा हात बनियनच्या आत, डाव्या खांद्याखाली. शिट्टी तिथूनच येत होती. जवळ चुंबक आला की मशीन अशी सूचना देई. आणि चुंबक तिथे असेपर्यंत ते झटका देणार नव्हतं.

"बाबा, काय केलंत हे?"

"आईनं हातात दिला, बघायला." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हा असला की ते गप्प बसतं ना? मशीनबरोबर कागद आला होता, त्यात लिहिलं होतं. तेव्हाच वाचलं होतं."

शिट्टी आपोआप थांबली होती, चुंबक मात्र तिथेच होता. आणि मुकादम, ज्याला घरातला कुठलाही नवा आवाज तपासल्याशिवाय चैन पडत नसे, तो उंबरा ओलांडून आत आला. एक पाऊल, मग थांबला, मग दुसरं. त्यानं बाबांच्या हाताचा वास घेतला. पुढचे पाय पलंगावर ठेवले. थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग वर चढून, गोल फिरून, जुन्या जागी मान टाकून पडला.

बाबांनी डोळे उघडले. त्यांची बोटं मुकादमाच्या पडलेल्या कानावर गेली आणि तो कान ती हळूहळू चोळू लागली. इतक्या दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच सुटलेली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या आईनं तोंडावर हात ठेवला.

थोरलीला सगळं एकाच वेळी दिसत होतं. हा चुंबक राहू दिला आणि या घटकेला ठोके भरकटले, तर बाबा इथेच, असेच जातील, आणि ते आपल्या गप्प बसण्यानं होईल. न विचारता, न ठरवता. तिला ते जमेना. तिनं बनियनमध्ये हात घालून काचेचा तो गोल अलगद बाहेर काढला.

"राहू दे की," बाबा म्हणाले.

"असं नाही, बाबा. चोरून नाही."

तिनं चुंबक नेऊन दूर टेबलावर ठेवला. परत येऊन स्टूल ओढलं. आता बोलायचं, आताच. तिनं वाक्य जुळवलं. मुकादम घोरायला लागला होता. एवढं शांत आहे तर संध्याकाळी बोलू, असं तिला वाटलं. त्याला आणखी जरा झोपू दे.

आणि झटका आला.

बाबांची पाठ पलंगावरून उचलली गेली, तोंडातून आवाज फुटला, मुकादम केकाटत हवेतच वळला, तिच्या गुडघ्यावर आपटला आणि नखं फरशीवर घसरत उंबऱ्यापलीकडे गेला. थोरलीनं बाबांचे खांदे धरले. लगेच दुसरा. तिच्या तळव्याखाली त्यांचं अख्खं अंग ताठ झालं आणि सैल पडलं. तिसरा येतो की काय म्हणून ती श्वास रोखून राहिली. तो आला नाही.

बाबांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं. ते उंबऱ्याकडे बघत होते.

"पळाला," ते म्हणाले.

"बाबा." आवाज आपला आहे यावर तिचा विश्वास बसेना. "हे झटके बंद करता येतात. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. आम्हीच तुम्हाला सांगितलं नाही. हृदय त्यानं थांबत नाही. पण पुन्हा भरकटलं, तर परत आणायला कुणी नसेल. निर्णय तुमचा आहे. मी विचारायला हवं होतं. रोज विचारायला येते आणि सूप विचारून जाते."

बाबांच्या ओठांची एक बाजू हलली. "तरीच एवढं सूप." त्यांनी दम घेतला. "लिफ्ट खाली पोचल्यावर ब्रेक कशाला लागतो गं? माझं केव्हाच ठरलंय. मला तुझ्या आईची भीती वाटते." त्यांनी मान दाराकडे वळवली. "अगं, ये इकडे. तू म्हणशील तेव्हा. तू नाही म्हणालीस तर राहू दे, सोसतो."

आई टेबलापाशी थांबली. तिथला काचेचा गोल तिनं उचलला, पदरानं पुसला, त्यातला झोपलेला कुत्रा डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि पलंगापाशी आली. बाबांच्या डोळ्यांजवळचं पाणी तिनं तळहातानं टिपलं.

"अहो, सोसायचं कशाला," ती म्हणाली. मग थोरलीकडे न बघता, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा म्हणाली, "फोन लाव डॉक्टरांना. सांग, बंद करायचं ठरलंय. मुकादमाला येऊ दे परत वर."