लेओनीची गाठ

"ही गाठ माझी नाही," लेओनी म्हणाली.

व्हायोलिनच्या गजाचे जुने केस तिने कापून टाकले होते, टोकातली लाकडी पाचर उपसली होती आणि आतून निघालेली, केस बांधून ठेवणारी दोऱ्याची गाठ ती चिमटीत फिरवून बघत होती. समोर लाकूड तासत बसलेल्या आन्सेल्मचा हात जागच्या जागी थांबला.

मिरकूर गावातल्या त्या गल्लीत घरोघरी व्हायोलिनं नाहीतर गज बनत. आन्सेल्म ब्राझीलचं लाकूड तासायचा, तापवून त्याला बाक द्यायचा, आणि त्यावर घोड्याच्या शेपटीचे केस चढवायची त्याची बायको लेओनी. "लाकूड तुझं, केस माझे," असं म्हणून ती त्याच्या टकलाकडे बघून हसायची.

मागच्या हिवाळ्यात तिचे डोळे अधू झाले. ती बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. मग एका गिऱ्हाइकाच्या हातात, ऐन वाजवताना, गजाचे केस सुटून आले. आन्सेल्मने माफी मागितली, दोष दोऱ्यावर ढकलला आणि घरात अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून ती बाजाराला गेली की तो तिची प्रत्येक गाठ कापून नवी बांधायचा. दर वेळी त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं.

आज शाळेतल्या संगीताच्या बाई, मादाम वोतिये, त्यातलाच एक गज घेऊन आल्या होत्या. "वसंतात चढवले होतेस तस्सेच चढव गं," एवढं बोलून तो थेट लेओनीच्याच हातात देऊन त्या निघून गेल्या होत्या.

"कधीपासून?" लेओनीने विचारलं.

"अगं, ऐक तर..."

"कधीपासून, म्हाताऱ्या?"

"हिवाळ्यापासून."

"सगळ्या?"

त्याने मान हलवली. मग तिला ते दिसायचं नाही हे ध्यानात येऊन म्हणाला, "सगळ्या."

तिचा चेहरा पार उतरला. चुलीवरचं सूप उतू गेलं तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"आणि मी मनात म्हणत होते, डोळे गेले तर गेले, हात अजून शाबूत आहे."

"तुला सांगायला माझी जीभच रेटेना गं." आन्सेल्मला रडू आवरेना.

"रडतोस काय? गाठ बघ केवढी बांधलीयस! पाववाल्याच्या बायकोची कंबर परवडली."

लेओनीने केसांची नवी जुडी घेतली. पाण्यात भिजवली, विंचरली, बोटांनी चाचपून एकेक वाकडा केस काढून टाकला. मग जुडी मुठीत ताणून धरत तिचं टोक त्याच्यापुढे केलं.

"बांध."

त्याने दोरा गुंडाळून गाठ मारली. तिने त्यावर अंगठा फिरवला.

"सैल आहे. पुन्हा."

त्याने ती सोडली आणि दुसरी बांधली.

"जाड झाली. पुन्हा."

आन्सेल्मने बाहीने नाक पुसलं आणि निमूटपणे आपलीच गाठ सोडायला घेतली. लेओनी केस ताणून धरून वाट बघत होती. तिचा हात जराही हलत नव्हता.