उजव्या डोळ्याची चित्रं

बाईंच्या घरची पूर्वेकडची खोली मला अजून जशीच्या तशी आठवते. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर पाण्याचे पेले, पेल्यांत रस्त्याकडेची झाडंझुडपं, आणि एका कोपऱ्यात माझी पेन्सिल, भिंग आणि ब्लेड. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि रानटी झाडांवर पुस्तक लिहीत होत्या. चित्रं मी काढायची. मला तोवर फक्त गुलाब यायचा, तोही ग्रीटिंग कार्डावरचा. पहिल्या दिवशी बाईंनी तो बघितला.

"सुरेख. पाकळ्या किती आहेत याला?"

मी मोजल्या नव्हत्या.

"मग हा गुलाब नाही, हा तुझा समज आहे. समोर दिसतं ते काढ. मनातलं नको."

तेव्हापासून फूल आधी उभं चिरायचं, पुंकेसर मोजायचे, मगच पेन्सिल उचलायची, असं मी शिकत गेले. त्या दोन वर्षांइतकं सुख मला पुढे कुठल्याच कामात मिळालं नाही.

त्या दिवशी टेबलावर धोतरा होता. भोंग्यासारखं पांढरं फूल आणि एक हिरवं काटेरी फळ. मी फूल उभं चिरलं, फळ आडवं कापलं. आतले कप्पे आणि कोवळ्या बिया बघता बघता दुपार झाली. ऊन कागदावरून सरलं, तसा मी उजवा डोळा चोळला आणि पुन्हा त्याला भिंग लावलं.

संध्याकाळी घरी वर्तमानपत्र उघडलं, तर अक्षरं एकमेकांत मिसळलेली. डावा डोळा मिटला की सगळंच पुसट. आरशासमोर गेले. उजव्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झाली होती की भोवतीचा तपकिरी रंग नुसता कडेला उरला होता. डावी होती तशीच होती.

आईचंही असंच झालं होतं. काचबिंदू. आधी उजवा डोळा, मग डावा. कितीतरी महिने ती सगळ्यांना "दिसतंय गं" म्हणत राहिली. एक दिवस तिने दुधाचं पातेलं ओट्यावर म्हणून ठेवलं, ते ओट्याच्या बाहेर, हवेत. ते पडल्यावर आम्हाला कळलं. डॉक्टर तेव्हा मला आणि ताईला म्हणाले होते, "हे घराण्यात उतरतं. तुम्ही दोघी सांभाळा."

मी कुणाला काही बोलले नाही. भिंगाची सवय उजव्या डोळ्याला, तरी दुसऱ्या दिवशी तो मिटून देठ काढायला बसले.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "देठावरची लव कुठे गेली?"

"या फांदीला नसेल."

"नसेल? म्हणजे आता झाडाने तुझी परवानगी घ्यायची?" असं म्हणत त्या वाकल्या. मग माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. उजेडात डावी बाहुली बारीक झाली असणार. उजवी हलली नाही, हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"काल हे फळ कापल्यावर हात धुतलेस?"

"चित्र झाल्यावर धुतले."

"मधे डोळ्याला हात लावलास?"

मला आठवलं. बाईंनी खुर्ची ओढून बसून घेतलं.

"याचा रस डोळ्यात गेला की बाहुली अशीच होते. आठवडाभरात उतरते."

"आणि नाही उतरली तर?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "तर मग तो धोतरा नव्हता," त्या म्हणाल्या.

डोळ्यांचे डॉक्टर गावात पुढच्या आठवड्यात येणार होते. तोवर बाईंनी मला काम लावून दिलं. रोज सकाळी याच खिडकीत, एकाच आरशात बघून दोन्ही बाहुल्या मापात काढायच्या. उजवी लहान होत गेली तर घाबरायचं कारण नाही.

पहिलं चित्र काढलं. दुसऱ्या सकाळी दुसरं. दोन्ही शेजारी ठेवली. काही फरक नव्हता. त्यानंतरच्या चित्रात बाहुली किंचित लहान आली, आणि मी जास्तच घाबरले. ती खरंच लहान झाली होती, की मला व्हायला हवी होती म्हणून हाताने तशी काढली? फुलांच्या बाबतीत बाई चूक दाखवायच्या. इथे चूक झाली असती, तर ती मला सोयीची होती.

चित्रं घेऊन घरी आले आणि ताईला माजघरात गाठलं. तिला सरळ रेघ मारता येत नसे, म्हणूनच तिच्यावर भरवसा होता. काय झालं ते हळू आवाजात सांगून तिच्या हातात पट्टी दिली.

"डोळ्याजवळ धर आणि बाहुलीचं माप सांग."

"हलू नकोस मग. एक गेलाय, दुसरा माझ्या हातून नको जायला."

बोलून तिने जीभ चावली. पलीकडे दारात आई मटार सोलत बसली होती. शेंगा फुटण्याचा आवाज थांबला.

"कुठला डोळा?" आईने विचारलं.

"उजवा," मी म्हणाले. धोतऱ्याचं सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. पुढे सोललेले दाणे ती सालींच्या टोपल्यात टाकत राहिली, आणि तिला सांगायचा धीर आम्हा दोघींना झाला नाही.

ताईची मापं मात्र खरी निघाली. बाहुली रोज थोडी थोडी आत येत गेली. डॉक्टर आले तोवर दोन्ही डोळे सारखे झाले होते. त्यांनी डोळ्यांवरचा दाब तपासला आणि ठीक आहे म्हणाले. दरवर्षी मात्र दाखवत जा, असंही बजावलं.

धावत घरी आले. "आई, दिसतंय मला."

"तसं म्हणू नकोस," आई म्हणाली. "मीही तेच म्हणायचे. काय दिसतंय ते सांग."

मी अंगणातलं एक पान तोडून आणलं आणि उजेडात धरून डावा डोळा मिटला. मधली शीर देठाशी जांभळी आहे. बाजूच्या शिरा समोरासमोर नाहीत, एकाआड एक निघतात. कडेला दात आहेत, टोकाकडे बारीक होत गेलेले. खालच्या अंगाला लव आहे, शिरांवर दाट.

"पुढे," आई म्हणाली. तिचा हात माझ्या मनगटावर होता. सगळं पान सांगून झालं, तरी तिने तो काढला नाही.