सात नावं

चौऱ्याऐंशी साली पाव महागला, ट्युनिशियाभर लोक रस्त्यावर उतरले. आमच्या गावात पोलिसांनी गोळ्या घातल्या. अकरा जण गेले, असं आम्ही तीस वर्षं कुजबुजत आलो. हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीनंतर आम्ही निवडून दिलेली नगरपालिका बसली, तेव्हा चौकात त्यांच्या नावांचा दगड उभारायचं ठरलं. नावं तपासायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे, मोंजियाकडे आलं. ती इतिहासाची निवृत्त शिक्षिका. ज्या पुस्तकात या गोळीबाराची एक ओळही नव्हती, ते जन्मभर शिकवल्याचं तिला सलत होतं.

चार महिने ती दारोदार हिंडली. इस्पितळाचे कागद पाहिले, कबरस्तान पालथं घातलं. मेलेले सातच निघाले. उरलेल्यांपैकी एक आधीच तापाने गेला होता, तिघं त्या गडबडीत होडीने इटलीला पळाले होते.

"बाई, अकराच राहू द्या ना," नगराध्यक्ष खमीस म्हणाला. तिचाच विद्यार्थी. "सात म्हटलं की जुन्या राजवटीतले म्हणतील, बघा, खोटारडे!"

"आणि उद्या त्या तिघांतला एखादा परत आला तर? मग हे सातही खोटे ठरतील."

त्या तिघांत बेयामावशीचा लुत्फी होता. सांगायला आम्ही दोघी गेलो. मावशी भाजी निवडत होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "दोन वर्षं पत्रं आली त्याची, मग बंद. दगडावर नाव असतं, तर हात फिरवायला काहीतरी असतं गं."

मोंजियाला तिथून उठवेना.

सभेत एक निवृत्त फौजदार ओरडला, "कुणी मेलंच नाही!" मोंजियाने सात नावं वाचली, प्रत्येकाचा इस्पितळाचा कागद दाखवला. त्याने एक कागद मागून घेतला, खालची सही ओळखली, त्याच्याच ठाण्यातली, आणि कागद परत करून खाली बसला.

मग बेयामावशी उठली. "माझ्या लुत्फीचं नाव काढा. तो मेला की नाही, मला माहीत नाही."

एका मताच्या फरकाने सात नावं मंजूर झाली.

आता नावं वगळलेल्यांपैकी दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. कागद वाचनालयात ठेवलेत, कुणीही पाहावेत. आजवर तिघांनीच मागितले.

सभेहून आल्यावर मोंजिया जेवलीसुद्धा नाही. "खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात," ती म्हणाली. "मला नुसती झोप येतेय." आणि भरदुपारी, चपला न काढताच आडवी झाली.