गार्गीचं चौथं बोट

मित्रांनो, बोरिवलीतल्या परबांच्या घरी भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना पियानो तो मीच. माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यातला. बोटीने मुंबईला आलो आणि सांताक्रूझच्या एका शाळेत पन्नास वर्षं मुलांच्या प्रार्थनेला साथ केली. पुढे उंदरांनी माझ्या आतलं कापड कुरतडलं, पट्ट्या ओलीने फुगून अडकू लागल्या. मग मला जिन्याखाली ढकलण्यात आलं.

त्या शाळेत लवू परब शिपाई होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांना ही नोकरी लागली होती. त्यांची सात वर्षांची मुलगी गार्गी वडिलांचं काम संपेपर्यंत माझ्यापाशी बसायची. माझ्या जेमतेम दहा-बारा पट्ट्या वाजत होत्या. तेवढ्यांतच तिने शाळेची प्रार्थना बसवली. गोराईचे पास्कल मास्तर पियानो दुरुस्त करत आणि शिकवतही. त्यांनी ती ऐकली आणि लवूंना सांगितलं, या पोरीचा कान देवाने सवडीने घडवलाय.

शाळेने मला लवूंना देऊन टाकलं. जिना अरुंद, म्हणून चौघांनी दोर बांधून मला दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत घेतलं. गार्गीच्या आईने, वनमालाताईंनी, माझ्यासाठी आपलं कपाट दाराबाहेर काढलं. पास्कल मास्तरांनी माझ्या अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या केल्या. मग ते दर रविवारी तरीने खाडी ओलांडून यायचे. आधी माझे सूर लावायचे, मग गार्गीला शिकवायचे. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून माझ्या पोटात विजेचा छोटा दिवा लावून ठेवायचं त्यांनीच सांगितलं. ते बोटांना नावं न देता आकडे देत. अंगठा पहिलं बोट, करंगळी पाचवं. गार्गीचं चौथं बोट आळशी होतं. मास्तरांनी आणि मी त्याला शिस्त लावली.

ती शिष्यवृत्तीवर परदेशी गेली आणि मोठी पियानोवादक झाली. पुढली पंधरा वर्षं माझं झाकण मिटलेलं राहिलं. डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. पास्कल मास्तर वारले, पोटातला दिवा गेला तो कोणी बदलला नाही. तिची एकही मैफल मी ऐकली नाही. टाळ्या दूरच्या मोठ्या पियानोंनी ऐकल्या. माझ्यापाशी आहेत त्या तिच्या चुका, लहानपणापासूनच्या सगळ्या.

तीन वर्षांपूर्वी ती दिवाळीला आली आणि सहज माझ्यापुढे वाजवायला बसली. उजव्या हाताचं चौथं बोट पट्टीवर उशिरा पोचत होतं. मला कळलं, आणखी कोणाला नाही. हात का चोळतेस, असं आईने विचारलं, तर थंडीने म्हणाली. बोरिवलीत कसली थंडी?

वर्षभराने, भरल्या सभागृहात, तिची शेवटची दोन बोटं मनाविरुद्ध तळहाताकडे वळली. ती थांबली, उठून श्रोत्यांना नमस्कार केला आणि आत गेली. घरी आल्यावर तिने कबूल केलं की हे दोन वर्षं चाललं होतं. कार्यक्रम जातील या भीतीने तिने ते लपवलं होतं. डॉक्टरांनी विश्रांती आणि व्यायाम सांगितला, पण बोटं पहिल्यासारखी होतील असा शब्द दिला नाही. सात महिने ती माझ्याकडे पाठ करून बसायची.

एका दुपारी लवूंनी बरण्या उतरवल्या, मला पुसलं आणि झाकण उघडलं. लेकीच्या लहानपणी रोज कानावर पडलेला पहिला धडा ते एका बोटाने वाजवू लागले. सुरांची पार वाट लागली होती. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बाबा, सगळं एकाच बोटाने नाही वाजवायचं."

"मग दाखव ना."

ती आली. उजवा हात मांडीवरच ठेवला आणि डाव्या हाताने खालचे सूर धरले. लवू वरचे चाचपडत राहिले. धडा तीनदा झाला. दुसऱ्या दिवशी तिने सूर लावणारा माणूस बोलावला. मग फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना शोधून काढल्या आणि वर्षभर माझ्यावर घोटल्या. किती चुकली म्हणून सांगू! मी नव्याने श्रीमंत झालो.

परवा तिने शहरात त्या रचनांचा कार्यक्रम केला. मी नेहमीसारखा घरीच होतो. परतल्यावर चपला काढतानाच तिने वडिलांना विचारलं, कसं झालं?

लवूंनी जरा विचार केला. "डावो हात बरो वाजलो. पण मधी एकदा घाई केलंस गो."

"केली," ती म्हणाली आणि हसली. हात धुऊन तिने तोच तुकडा माझ्यावर सावकाश वाजवला. उजव्या हाताची बोटं अजून वळतात. ती आता त्यांचा व्यायाम करते आणि दुखलं की थांबते.

मित्रांनो, घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला ओलीपासून जपा, वर्षातून एकदा सूर लावून घ्या आणि त्याचं फडताळ करू नका. पण त्याहून आधी आपले हात जपा. कुठे दुखू लागलं, तर पहिल्याच दिवशी घरात सांगा. ते उशिरा येणारं बोट मी ओळखलं होतं, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.