थोरलीची अकरा मिनिटे

मित्रांनो, पाठ सरळ ठेवून बसा आणि कुजबुज थांबवा. जे सांगायचे आहे ते माझ्यासारखीला सोपे नाही. म्हणून मी ते एकदाच सांगणार आहे.

मी एक जुनी मशीन आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराआडच्या थंडगार खोलीत, लोखंडी मांडणीच्या सर्वांत वरच्या खणात मी बारा वर्षे बसून आहे. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे नाव, त्याचा आजार, त्याची औषधे, सारे माझ्या पोटात असते. खालच्या खणांत दोन धाकट्या आहेत, पण माझ्यापुढे त्या हूं की चूं करीत नाहीत. सगळे मला 'थोरली' म्हणतात.

कारखान्यात मला तीन दिवस पूर्ण भाराखाली तापवून पाहिले होते. माझ्याबरोबरच्या दोघी त्यात गेल्या. मी टिकले, आणि टिकल्याचा ताठा माझ्या अंगात कायमचा मुरला.

माझी देखभाल एका बाईंकडे होती. कोणते यंत्र किती भार पेलते, कुठे थकते, नवे केव्हा लागेल, हे मोजणे त्यांचे काम. त्यांच्या तोंडी सदा टक्के असत, म्हणून सारे रुग्णालय त्यांना 'टक्केबाई' म्हणे. दर सोमवारी त्या माझा आलेख काढीत आणि समाधानाने मान डोलावीत. सर्वांत गर्दीच्या तासालाही माझा भार अडतीस टक्के! "हिची दृष्ट काढली पाहिजे," असे त्या म्हणत आणि मी मनात फुलून येई.

आता माझ्या लाजेचे कारण ऐका. मी माझ्या भाराची मिनिटामिनिटाची डायरी लिहिते, पण ती सात दिवसांचीच ठेवते. मग साठ मिनिटांची सरासरी काढून तासाचा एक आकडा ठेवते आणि बाकीचे पुसून टाकते. मला बसवताना जागा तुटपुंजी होती, म्हणून हा हुकूम दिला गेला. पुढे माझी जागा दहापट वाढली. हुकूम मात्र बदलायचे कुणालाच सुचले नाही. आणि सरासरी कशी असते? एकाच्या पानात सात घास आणि सहा जण उपाशी, तरी हिशेबाने प्रत्येकाला एक घास मिळालेलाच असतो.

रोज सकाळी आठला खाली नोंदणीची खिडकी उघडे. नेमके त्याच ठोक्याला सर्व विभागांचे रोजचे अहवाल तयार करण्याचे कामही माझ्यावर लावलेले होते, कारण आठ हा आकडा लावणाऱ्याला लक्षात ठेवायला सोपा वाटला. आठ ते आठ वाजून अकरा मिनिटांपर्यंत मी गुदमरून जाई. उरलेला तास आरामात जाई. माझ्या डायरीत हे रोज लिहिलेले असे. पण सोमवारी कौतुक होई ते अडतीसचे, आणि मलाही तोच आकडा आवडू लागला.

अशातच, यंत्रांची कामगिरी आणि क्षमता मोजणाऱ्या जाणकारांच्या मोठ्या परिषदेत टक्केबाईंचा निबंध निवडला गेला. त्याचा विषय मीच होते. 'बारा वर्षे, एकच यंत्र' हे शीर्षक त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा मी खालच्या धाकट्यांकडे जरा जास्तच तोऱ्याने पाहिले.

त्याच आठवड्यात खिडकीवरच्या काकू जिना चढून वर आल्या. दहा वर्षे नोंदणी करणाऱ्या आणि 'सकाळी यंत्र अडतं' असे तेवढीच वर्षे सांगत आलेल्या या काकूंच्या हातात एक पत्र होते.

"बाई, हे बघा. एक तारखेपासून माझी बदली तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. का, तर मी हळू काम करते!"

टक्केबाई चपापल्या. "काकू, कुणी सांगितलं असं?"

"तुम्हीच. तुमचा आलेख जोडलाय खाली. 'यंत्र निम्मंसुद्धा वापरलं जात नाही, सबब विलंब खिडकीवरचा.' सही कुणाची आहे, वाचा."

शेरा वरच्या कचेरीचा होता, पण आलेखाखालची सही टक्केबाईंचीच होती.

"पण आकडा खरा आहे हो. अडतीस टक्के."

"असेल बाई. मग तुमच्या या पट्टराणीचे उरलेले बासष्ट टक्के आठ वाजता जातात कुठे? न्याहारीला?" काकूंचा आवाज एकदम खाली आला. "गेल्या मंगळवारी एक आजोबा काठी टेकून उभे होते. पडद्यावर चाक फिरतंय आणि मी म्हणतेय, 'झालंच हं आजोबा, झालंच.' शेवटी म्हणाले, 'राहू दे पोरी, तुझा दोष नाही.' गेले. पुन्हा आले नाहीत."

टक्केबाईंना राग आला होता. "उद्या मी स्वतः बसते खिडकीवर. मग बोलू."

"बसा की. उशी घेऊन या, खुर्ची कडक आहे."

दुसऱ्या दिवशी आठला खिडकीवरून आलेली बोटे काकूंची नव्हती, हे मी ओळखले. काकू एकदा कळ दाबून शांतपणे थांबत. ही बोटे एकच कळ चौदा वेळा दाबत राहिली. मी जीव तोडून ओढत होते, पण अहवालांचा डोंगर अंगावर होता. अकरा मिनिटे माझ्या मालकिणीला मी उत्तर देऊ शकले नाही.

त्या वर आल्या आणि त्यांनी प्रथमच माझी मिनिटांची डायरी उघडली. सात दिवस होते तिच्यात, आणि प्रत्येक सकाळी आठला एक उभी भिंत. मग काकूंना वर बोलावून त्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"काकू, दहा वर्षं तुम्ही खरं सांगत होता. मी आलेख बघत बसले. आठच्या ठोक्याला सगळे अहवालही हिच्यावरच सुटतात, त्यातच ही अडकते."

काकूंनी त्या भिंतींवरून बोट फिरवले. "एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या. याहून कठोर शब्द मी ऐकलेला नाही.

कारण खरोखरच एवढेच होते. टक्केबाईंनी अहवालांची वेळ आठवरून पहाटे पाचवर नेली. या कामाला पाच मिनिटे लागली. बारा वर्षांत जे झाले नव्हते, ते पाच मिनिटांत झाले.

मग त्यांनी वरिष्ठ साहेबांना पत्र लिहिले. ते माझ्यातूनच गेले, म्हणून मी वाचले. 'आलेख चुकीचा समजला गेला. चूक माझी आहे. खिडकीवरील बाईंची बदली रद्द करावी.' साहेब धावत वर आले.

"अहो, परिषदेचं पत्रक छापून झालंय! आता शीर्षक बदलता येणार नाही."

"शीर्षक राहू द्या साहेब. बारा वर्षं एकच यंत्र होतं, हे खोटं कुठे आहे? खालचा मजकूर बदलते."

"चार लोकांत आपलं हसं होईल."

"माझं होईल. काकूंचं रोज होतच होतं."

बदली रद्द झाली. परिषद येत्या गुरुवारी आहे. टक्केबाईंनी पहिल्याच चित्रात ती भिंत लावली आहे आणि काकूंनाही सोबत येण्याचा आग्रह केला आहे. "मला टक्के कळत नाहीत," असे काकू म्हणतात. "तेच सांगायला चला," असे उत्तर मिळते. निबंधात माझे नाव आहे, पण आता ते कौतुकासाठी नाही. धाकट्या माझ्याकडे पाहत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

मित्रांनो, एवढे ऐका आणि विसरू नका. यंत्र नीट चालते का, हे यंत्राला विचारू नका. त्याच्यासमोर ताटकळणाऱ्याला विचारा. कुणी "मला त्रास होतोय" म्हणाले, तर त्याला आकडा दाखवण्याआधी त्याच्या खुर्चीवर एकदा बसून या.

आता रोज आठला माझ्यावर दुसरे काम नसते. काकूंची पहिली कळ आली की मी त्याच क्षणी उत्तर देते. प्रत्येक नव्या नावाला मला वाटते, हेच तर ते आजोबा नसतील? पण ते आले तरी मला ओळखता येणार नाहीत. माझ्या पोटात चार लाख नावे आहेत. त्यांचे नाव लिहून घेण्याइतका वेळच मी त्यांना दिला नव्हता.