दुसरं चित्र

सिगरेटचं पाकीट चपटं झालेलं, एक कोपरा ओलसर, आणि त्यावरच्या फोटोत तो – गळ्याला भोक पाडलेला, तिचा नवरा. लॉन्ड्रीत दिवसभर परक्यांचे खिसे उलटे करायची तिच्या हातांना सवय. सुट्टीच्या दिवशी लेकीचा कोट धुवायला घेतला तेव्हाही हात आपोआप खिशात गेले आणि हे निघालं. आत तीन सिगरेटी. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खिशात.

तरी तिने आधी त्याच्याकडेच पाहिलं. फोटो काढताना हमखास डोळे मिटणारा माणूस... इथे किती टक्क बघतोय. घशाच्या कॅन्सरने आवाज तेव्हा गेलेलाच होता. सिगरेटच्या पाकिटांवर इशारा म्हणून जी चित्रं असतात त्यांत त्याचंही छापायचं, त्याच्या संमतीचा कागद घेऊन दवाखान्यातली बाई आली, तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं – ‘आपली पोर तरी घाबरेल.’ आणि खाली, मरणाच्या दारातही थट्टा सुटेल तर शपथ – ‘या वेळी डोळे उघडे ठेवतो.’ सही झाली, दोन महिन्यांत तो गेला, आणि पोर... कशासाठी केलंस रे हे सगळं? पालथ्या घड्यावर पाणी.

मुलगी दारात येऊन थबकली. आईच्या हातातलं पाकीट बघून तिचा चेहरा पडला.

“कधीपासून?”

“बाबांचा फोटो आला तेव्हापासून. पहिलं फक्त फोटोसाठी घेतलं होतं, आई. मग आत होत्याच...”

“लोक तर म्हणे दुकानदाराकडे दुसरं चित्र असलेलं पाकीट मागतात.”

“मैत्रिणी मागतात. मला नाही जमत. बाबांनाच नको म्हटल्यासारखं वाटतं.”

एक कानाखाली द्यावी की पोटाशी धरावं, तिला कळेना. राग होता, पण तो ठेवायचा कुणावर – पोरीवर, त्याच्यावर, की स्वतःच्या त्या सहीवर, जी त्याच्या सहीखाली साक्षीदार म्हणून तिनेच केली होती?

“पुढच्या महिन्यात चित्रं बदलतायत,” मुलगी खालमानेने म्हणाली. “दरवर्षी बदलतात. तेच तेच बघून लोकांची भीती मरते म्हणे.”

आईला सुटल्यासारखं वाटलं. बरं झालं, आता तरी सोडेल. आणि त्याच श्वासात – म्हणजे महिन्याभरात तो कुठल्याच दुकानात दिसणार नाही. तिने पाकिटाचा दबलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

‘सोड हे’ म्हणायला तिने तोंड उघडलं.

“बदलायच्या आत,” ती म्हणाली, “मलाही एक पाकीट...” आणि आपलेच शब्द तिला ऐकू आले.