फणसाचा पार

मुलुंडच्या मधुकर सबनीसांच्या अंगणातला फणस शेंड्याकडून वाळायला लागला, तशी शेजाऱ्यांना सल्ल्यांची उबळ आली. फुकटचा सल्ला द्यायला कोणाचं काय जातं? शेजारचा नंदकिशोर तर थेट सुतारालाच घेऊन आला.

"उद्या तुझ्या कौलांवर आडवा झाला की कळेल, मधू. तोडून टाक. पाट झकास होतील बघ."

मधुकरला भीती होतीच; पण तो फणस आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, गुहागरहून आणलेल्या आठळीचा होता. आबा गेले तेव्हा मधुकरने बुंध्याभोवती ऐसपैस पार बांधला, आत माती भरली, वर सिमेंट ओतलं आणि आबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. संध्याकाळी तिथे टेकलं की ते जवळ आहेत असं वाटायचं. झाड गेलं तर आबा दुसऱ्यांदा जाणार, हे त्याला सहन होत नव्हतं.

शेवटी त्याच्या बायकोने, शुभाने, वनमालाबाईंना बोलावलं. बाई पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. आता बोलावतील तिथे जाऊन झाडं तपासायच्या. नंदकिशोर गालात हसला.

बाई आल्या त्या पदर खोचून. पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत लाकडी हातोडी आणि भिंग. सगळे वर शेंड्याकडे बोट दाखवत होते, त्या खाली बघत होत्या. खोडाला कान लावून त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं, मुंग्या कुठून चढतात ते बघितलं, पावसात पाणी कुठे साचतं ते विचारलं. मधुकर बघतच राहिला. इतक्या मायेने त्याला स्वतःलाही कधी कोणा डॉक्टरने तपासलं नव्हतं.

"खोड ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "पण बुंधा कुठे आहे?"

"हा काय समोर."

"हे खोड. जमिनीला टेकताना झाड पसरतं. तुमचा फणस खांबासारखा सरळ आत गेलाय. त्याचा पाय तुम्ही गाडलात. साल कुजतेय, मुळांना हवा नाही." त्यांनी पाटी वाचली. आवाज हळू केला, शब्द मात्र बदलले नाहीत. "पार फोडावा लागेल. सगळा."

"वडिलांचा पार फोडणार?" नंदकिशोर म्हणाला. "त्यापेक्षा झाड जाऊ दे ना, यार."

मधुकर आत जाऊन पहार घेऊन आला.

"अहो, पाटी तरी आधी काढा," शुभा म्हणाली. त्याने ती जपून सोडवली आणि मग घाव घातला.

शेवटची माती बाईंनी हातांनीच उपसली. एका बाजूची साल काळी पडली होती. दुसऱ्या बाजूला त्यांनी नख लावलं, तर खाली ओलं, जिवंत.

"एवढं पुरेल," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल, पण जगेल."

मग त्यांचा हात दगडाला लागला. शेजारी दुसरा, तिसरा. खोडापासून लांब, गोल मांडलेले, उताराकडे पाणी जायला तोंड ठेवलेले.

"हे आळं कोणी केलं? बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून किती विचार केलाय. जाणता माणूस."

मधुकरला आठवलं. पार बांधताना हे दगड त्याने पाहिले होते. भरावाला बरे, म्हणून गवंड्याला वरून माती लोटायला त्यानेच सांगितलं होतं.

"आबांनी," तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत मातीत बसून रडला. मग आळ्याचं बुजलेलं तोंड बोटांनी मोकळं करू लागला.